आईची वीत

कोल्हापूर, ता. ४ मे १९९७

चि. प्रीतीस, सप्रेम जयभीम.

वि. वि. वस्तीमागच्या डोंगराला पडलेली भेग आई वितीने मोजत असते, हे वाचून हसू आलं आणि धस्सही झालं. पावसाआधी वस्ती खालच्या गायरानात हलवा, असा अर्ज आज कचेरीत दिला. साहेबांनी तो वाचलाही नाही. म्हणाले, रडगाणं नको, फॅक्ट्स अँड फिगर्स आणा. कचेरीसमोर बसून मी रोज लोकांचे अर्ज टाइप करतो, हे शब्द माझ्या मशीनलाही पाठ आहेत. तेव्हा आईचे आकडे महिनावार पाठव, आणि अक्षर जरा नीट काढ, मुंग्या चालल्यासारखं नको.

आईचा ताप उतरला का? घोर लागून राहिलाय. कळावे, तिकडचा लोभ इकडे पुरवून वापरतो आहे.

तुझा दादा, प्रसेनजीत

वरची वस्ती, गगनबावड्याजवळ, ता. १२ मे १९९७

ती. दादास, सप्रेम जयभीम.

मुंग्या चष्मा लावून वाच. आई दर पौर्णिमेला वंदना झाली की भेग मोजते आणि चुलीमागे कोळशाने रेघा ओढते. जानेवारीत दोन विती, फेब्रुवारीत अडीच, मार्चमध्ये तीन. एप्रिलला ती तापाने निजून होती, म्हणून मी मोजली, तर अडीचच भरली. शेजारच्या चिमणाबाईंनी आनंदाने गूळ वाटला.

पण त्यांचं दार महिनाभर लागत नाही. फणस खाली कलला आहे, विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यात गढूळ झालंय. हेही टाइप कर. आई म्हणाली, डोंगर सोता सांगतोय की, आणि काय लिवून देऊ त्येला?

आईचा ताप उतरला. तू जेवत जा. आमच्यावर माया आहे तशीच ठेव.

तुझी प्रीती

कोल्हापूर, ता. १२ जून १९९७

चि. प्रीतीस, सप्रेम जयभीम.

वि. वि. माझ्या हातून घात झाला. वितीला नऊ इंच धरून मी झकास तक्ता केला, वर ठळक अक्षरात फॅक्ट्स अँड फिगर्स असं टाइप केलं. दार, फणस, विहीर गाळून टाकलं, साहेबांना असलं चालत नाही म्हणून. काल उत्तर आलं: आकड्यांवरून भेग मिटत आहे, पाहणी पावसाळ्यानंतर.

रात्रभर डोळ्यांसमोर आईचा हात येत होता. आज सकाळीच पुन्हा कचेरीत गेलो. म्हणाले, दिलेले आकडे बदललेत तर अर्जच खोटा ठरेल. हात जोडले, काही उपयोग झाला नाही. तू आणि आई तळहाताला तळहात लावून बघा. आणि कुणाची वाट न बघता सगळ्यांना घेऊन खालच्या शाळेत राहायला जा. मला दुसरं काही सुचत नाही.

उलट टपाली दोन ओळी धाड, तेवढीच माया मागतो.

तुझा दादा

शाळेतून, ता. २७ जुलै १९९७

ती. दादास, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हात लावून बघितले. कोयता लागल्यापासून आईची करंगळी आखडलेली, हे आपण दोघंही विसरलो. तिची वीत सहा इंचांची, माझी साडेआठ. म्हणजे एप्रिलात भेग सव्वातीन इंच वाढली होती, आणि आम्ही गूळ खाल्ला.

सगळे शाळेत आलो. चिमणाबाईही आल्या. मंगळवारी सकाळी त्या कोंबड्यांना दाणे टाकायला वर गेल्या. डोंगर तेव्हाच आला. त्यांचं घर गेलं, आपलंही गेलं.

काल साहेब टेप घेऊन आले आणि भेग किती रुंद होती ते विचारू लागले. आईने त्यांना वर नेलं. तिथे आता एकच काठ उरलाय. त्यांनी वहीत लिहिलं, मृत एक. ह्या आकड्याला त्यांनी पुरावा मागितला नाही.

तुझ्यावर राग नाही, दादा. मोजली मीच होती. फक्त चिमणाबाईंचं दार लागत नाही, एवढं तरी तू टाइप करायला हवं होतंस.

आई रोज तुझी वाट बघते. लोभ पत्रात नको, आता तूच ये.

तुझी प्रीती