यज्ञेशचे मफिन

ती. आईस,
पुण्याहून सुकन्याचा नमस्कार.

अन्नतपासणीच्या लॅबमधलं माझं काम ठीक चाललं आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? माझा लेक यज्ञेश तुझ्याकडे माझी आठवण काढून रडतो का?

त्याच्या वाढदिवसासाठी मफिनची तीन तयार पिठं आणून लॅबमध्ये तपासली. पहिल्याचे मफिन छान फुगले, दुसऱ्याचे चवीला सरस. पण दोन्हींत शेंगदाण्याचा अंश निघाला. तिसऱ्यात नाही. मफिन जरा कोरडे होतात, तरी तेच पीठ पाठवते आहे.

मागे तू म्हणालीस, "चिमूटभर शेंगदाण्याच्या कुटानं काय व्हतंय बाई?" तेव्हा ते खाऊन यज्ञेशचे ओठ सुजले, श्वास अडकला. म्हणून कुटाचं मिक्सरचं भांडं वापरू नकोस. पीठ कालवायला पातेलं नवं घे.

तो खाईल तेव्हा फोन लावून त्याच्याजवळ ठेव. कुणी बोललं नाही तरी चालेल. मला त्याचा श्वास ऐकायचा आहे.

तुझी,
सुकन्या