वाडगा मांडायचा का

बारावा महिना, ८

बी-युनला बोलायला काय जातं! माझीच नणंद, आणि भर बाजारात, माझ्या माशाच्या गोळ्यांच्या गाडीसमोर उभी राहून म्हणते, वहिनी, दादा आता काही येत नाही. थियेन चहा तोडायला अलिशानच्या डोंगरातल्या मळ्यावर गेलाय. दोन आठवड्यांचं काम होतं, तीन महिने झाले, एवढंच. वर्षअखेरच्या जेवणाला येणार. मला खात्री आहे म्हटलं. ती म्हणाली, खात्री नाही गं, तुला तसं वाटतं. म्हटलं, वाटत असेल तुला. मला खात्री.

संध्याकाळी त्याची चादर धुतली.

१२, सकाळी

देवळात गेले. माझू देवीला विचारलं, थियेन येणार का? कौलाच्या लाकडी चंद्रकोरी टाकल्या, दोन्ही पालथ्या. म्हणजे नाही. चंद्रकोरीच झिजल्यात. दुसऱ्या घेतल्या. यावंसं तरी वाटतं का त्याला? दोन्ही उताण्या. म्हणजे देवी हसली. हसू दे. मग विचारलं, जिवंत आहे का? एक पालथी, एक उताणी. लागोपाठ तीनदा होकार! म्हणजे पक्कं. येणार.

देवळातले लिम काका केर काढत होते. म्हणाले, अगं, देवीशी भाजीवालीसारखी घासाघीस करतेस? आणि खात्री असलेली बाई इथं येते कशाला, घरी स्वयंपाक करते. म्हटलं, काका, तुम्ही केर काढा.

१६

वर्षाचं काम संपलं म्हणून आज मालक कामगारांना जेवण घालतात, मग सगळे घरी जातात. मळ्याचा मालकही घालेल, आणि उद्या थियेन निघेल. भरवसा आहे. खात्री म्हणत नाही. भरवसा बरा, नाही आला तर मालकावर ढकलता येतं.

१९

बी-युनने त्याचा निरोप फोनवरून वाचून दाखवला. तिथं खोली घेतलीय, वर्षभरासाठी. चहा निवडणाऱ्या एका विधवेच्या घरात. आता पटलं का, म्हणाली. मी गोळे वळत होते. काही वाटलं नाही. हात चालूच होते. गिऱ्हाईकं ओरडली तेव्हा कळलं, मीठ घालायचं राहिलं.

चादर घडी करून ठेवली.

२०

बी-युनला म्हटलं, लिही त्याला, मी सांगते तसंच लिही. येणार का, ते विचारत नाही. वर्षअखेरच्या जेवणाला, लांब असला तरी जो या घरचा आहे, त्याचा वाडगा मांडतात. तुझा मांडायचा का, तेवढं सांग. मला वाटतं, मांडावा. नुसतं वाटतं. चोवीसला देव वर स्वर्गात जातात, मग विचारायला इथं कुणी उरत नाही. चोवीसच्या आत उत्तर दे.