अकरा गाण्यांच्या शेवटच्या ओळी

बुऱ्हाणपूर,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिभा हिला प्रभाकरमामाचे आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता सुमनमामीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला हे बोलून दाखवता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. गणपती झाले. राजघाटावर यंदा तापीचं पाणी बऱ्याच पायऱ्या चढून आलं होतं, विसर्जनाला दोर बांधावे लागले. मामीचे गुडघे दुखतात, पण शेजारी हळदीकुंकू असलं की दुखत नाहीत. फोपनारला तुझ्या भावाच्या, जीवनच्या केळीला घड चांगले लागलेत, तुला कळवायचं तो विसरला असेल. तुझी आई खुटखुटीत आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते आणि आम्हाला नावं ठेवते.

मुद्द्यावर येतो म्हणतो आणि केळीच्या बागेत शिरतो. असो.

आपलं ‘ओघ’ नियतकालिक पुन्हा निघतंय. आम्ही चौघा मित्रांनी काढलेलं, पंधरा-सोळा वर्षं चालवलेलं आणि मग आपसात भांडून बंद पाडलेलं. आता तृप्ती नावाची मुलगी, इथल्या कॉलेजात शिकवते, तिनं ते उचललंय. दिवाळीआधी अंक यायचा आहे, ‘काल-आजचे आवाज’. तिनं मला कच्ची पानं वाचायला दिली. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बाईच्या उर्दू गझला आहेत, कोरकू गाणी आहेत, एका गुजराती पेढीवरची शंभर वर्षांपूर्वीची घरगुती पत्रं आहेत, आणि सरकारी दवाखान्यातली एक नर्स हिंदीत फार सुंदर लिहिते. हे सगळे लोक आमच्या वेळीही याच गावात होते गं. आम्ही त्यांच्या दारावरून सायकलीनं जायचो आणि साहित्य कुठे मिळेल म्हणून पुण्याकडे बघायचो.

‘काल’ या भागात पहिलं पान कशाचं, ते तू ओळखलं असशील. फोपनारची अकरा गाणी, आमच्या १९९३च्या अंकातून उचललेली. वर छापलंय, ‘सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची. रचणारी अज्ञात. संकलन : प्रभाकर महाजन.’ शेजारी माझा शाल पांघरलेला फोटो. तृप्ती म्हणाली, “सर, बाकी सब बाद में. आपली सुरुवातच याने होणार. इतनी पुरानी चीज कुणाकडे आहे?”

मी मान डोलावून घरी आलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. मामीनं पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं.

आठ वर्षांपूर्वी वाचनालयात माझा सत्कार होता. तू मागच्या रांगेतून उठून विचारलंस, “मामा, आईचं नाव कुठंय?” आणि मी माईकवरून हसत म्हणालो, “अगं, तुझी आई गाते. रचत नाही.” सभागृह हसलं. तुझी आई पहिल्या रांगेत होती, तीही हसली. तू तिचा हात धरून तिला बाहेर नेलंस, आणि तेव्हापासून माझ्या घराची पायरी चढली नाहीस.

तू खरं बोलत होतीस. हे चार शब्द लिहायला मला आठ वर्षं लागली.

आता सगळंच सांगतो. ‘ओघ’च्या त्या दिवसांत मी फोपनारला ओट्यावर बसायचो आणि तुझी आई कापूस निवडता निवडता गाणी सांगायची. मी शाळेत गेलो, ती गेली नाही, म्हणून लिहिणारा मी. एका गाण्यात मोटरपंप होता. दोनशे वर्षांपूर्वी पंप कुठला, म्हणून मी तिथे मोट घातली. खताच्या गोणीचं शेणखत केलं. हसू येईल तुला, पण तेव्हा माझा मीच मला फार हुशार वाटलो होतो. पण खरी अडचण पंपाची नव्हती. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत ती ‘रंभा म्हने’ असं घालायची. संतांच्या अभंगात असतं तसं, भजनात ऐकून तिनं ते उचललं होतं. ती ओळ राहिली असती तर गाणी आजची ठरली असती, आणि माझ्या बहिणीची. मी लाल पेन्सिल घेतली आणि अकराच्या अकरा ओळी कापल्या. अंक आला तेव्हा तिला वाचून दाखवायला गेलो, तर शेवटच्या ओळीची जागा आली की घाईनं पान उलटायचो. मी समजलो, तिच्या लक्षात आलं नाही.

लोकांना मी कारण सांगायचो की अभ्यासकांना परंपरा हवी असते, व्यक्ती नको. स्वतःलाही तेच सांगत आलो. पण प्रतिभा, त्याच अंकात माझीही एक कविता होती. सहा महिने घासून लिहिलेली. छापण्याआधी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले होते. मला वाचता येत होतं, एवढंच माझं दुर्दैव. तिचं गाणं कापूस निवडताना झालेलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिचं नाव खाली आलं असतं तर घरातला कवी कोण, हे गावाला कळलं असतं. जळलो मी तिच्यावर. माझ्यासाठी दशम्या बांधून देणाऱ्या बहिणीवर.

हस्तलिखित छापखान्यातच राहिलं आणि रद्दीत गेलं. त्या ओळी मला आठवत नाहीत. खरंच आठवत नाहीत.

म्हणजे मे महिन्यापर्यंत एकही आठवत नव्हती. फोपनारला गिरधर पाटलांच्या गायत्रीची हळद होती. आता तिथल्या बचत गटाच्या बायका ही गाणी म्हणतात, आमच्याच अंकाची झेरॉक्स समोर धरून. त्यांनी केळीचं गाणं म्हटलं आणि जिथवर छापलंय तिथे थांबल्या. भिंतीला टेकून तुझी आई बसली होती. सगळं थांबल्यावर ती एकटीच पुढे गायली,

तापीच्या काठी बाई, केळ लावली शेतात,
घड गेला बाजाराले, खोड राह्यलं मातीत,

इथपर्यंत त्यांचं. आणि हे तिचं :

रंभा म्हने, भाऊ लिहीन, नाव राहीन कागदात.

एक पोरगी हसून म्हणाली, “आजी, खतम झालं ना गाणं! तुमी कायले वाढवून राह्यल्या?” सगळ्या हसल्या. तुझी आई म्हणाली, “हो माय, म्हातारपन.” मी दारात चपला घालत होतो. आत जाऊन, ही गाणी हिची आहेत, असं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि निघालो.

गेल्या गुरुवारी मात्र तृप्तीला सगळं सांगितलं. तिनं हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाली, “सर, इतने साल त्या आपल्या समोर होत्या?” माझा फोटो पानावरून काढून टाकायला मीच सांगितलं. गाणी ‘काल’मधून काढून ‘आज’मध्ये घेतली आहेत, वर तुझ्या आईचं नाव आहे, आणि मी काय केलं ते माझ्या सहीनं खाली छापायला दिलं आहे.

रविवारी फोपनारला गेलो. तुझ्या आईच्या पायाशी बसलो आणि उरलेल्या दहा ओळी मागितल्या. तिनं चहा दिला, साखर नेहमीसारखी जास्त. मग म्हणाली, “भाऊ, मले तवाच समजलं व्हतं. तू पान लवकर पलटे ना. म्या म्हटलं, शिकेल मानूस हाय, आशीन काही कारन.” मी रडलो. तिनं रडू दिलं. ओळी मात्र दिल्या नाहीत. “तुले नाही सांगनार. तुह्या हातानं एकडाव लिहून झालं. प्रतिभा आली तं तिले सांगीन. तिनं माह्यासाठी तोंड उघडलं व्हतं.”

रागावून म्हणाली नाही, हे मुद्दाम लिहितो. पण ठरवून म्हणाली.

तेव्हा तू ये. अठ्ठावीस तारखेला पानं छपाईला जातील. मला भेटू नकोस, बोलू नकोस, चालेल. बुऱ्हाणपूर स्टेशनवर जीवन येईल आणि तुला थेट फोपनारला नेईल. तिच्याजवळ बस आणि तुझ्या अक्षरात त्या लिहून घे. पंपाचा पंपच राहू दे. तू आली नाहीस तर तृप्तीला मी सांगून ठेवलंय, दहा गाण्यांखाली एकेक ओळ कोरी सोडायची आणि तशीच छापायची. कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. पण ते उत्तर द्यायची वेळ तुझ्या आईच्या हयातीत माझ्यावर येऊ नये, एवढं मागणं आहे.

रंभाबाईचा भाऊ,
प्रभाकर