घर बघायला पावणं येणार

३ मार्च, सकाळ
आपल्या घराचा लिलाव नक्की. शेजारच्या बयाबाईंनी खात्री दिली. बँकेची माणसं फाटकावर नोटीस लावत होती, तेव्हा त्यांची चिकटपट्टी संपली. ती बयाबाईंनी दिली. मला म्हणाल्या, मी न्हाईच म्हणणार हुते, पर पोरं चांगल्या घरची वाटली.
मी त्या वेळी आत दाढी करत होतो. तोंडाला साबण असताना माणसाने बाहेर जाऊ नये.

३ मार्च, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. घर तारण ठेवून कर्ज काढलं ते उचगावच्या हॉटेलसाठी. हॉटेल बुडालं असं लोक म्हणतात. वास्तविक ते रोज भरलेलं असायचं. ओळखीच्या माणसाकडून रश्श्याचे पैसे घ्यायचे नाहीत हे माझं तत्त्व, आणि माझी ओळख दांडगी. यात बिझनेसचा दोष कुठे आला?

५ मार्च
बँकेत गेलो. वसुलीला राजवर्धन म्हणून तरुण साहेब आहे. गुणी पोरगा. केबिनचं दार लावून म्हणाला, काका, मी हे बोललोच नाही असं समजा. लिलावात बोली आली नाही, तर तो पुन्हा लावायला दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात थकबाकी घेऊन आलात तर वरचे साहेब तडजोडीला बसतील.
घरी येऊन बायकोला, सरोजिनीला सांगितलं. तिचा भाऊ केरबा तिच्या वाट्याच्या शाहूवाडीच्या जमिनीचे पैसे मे महिन्यात देणार आहे. म्हणजे फक्त कुणी बोली लावता कामा नये. म्हणजे आपण काहीच करायचं नाही. काहीच न करण्यात माझा हात कोण धरणार?

६ मार्च
सरोजिनीचा प्लॅन. २१ तारखेला बँक गिऱ्हाइकांना घर दाखवणार. तिने घराचे दोष काढून ठेवलेत. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल. टाकी गळते. गल्लीत गाडी वळत नाही. ती बोलणार, मी मान डोलवायची. कुणाला बसा म्हणायचं नाही. चहासुद्धा द्यायचा नाही.
कबूल केलं. चहाचं जरा जड गेलं.

१२ मार्च
आरशासमोर तुसडा चेहरा करायची प्रॅक्टिस. खिडकीतून बयाबाईंनी विचारलं, दाढ दुखतीया काय.

१७ मार्च
सरोजिनी केरबाकडे शाहूवाडीला गेली होती. मी मागच्या खोलीत बसलो होतो. समोर ती भिंत. पोपडे सुटलेले. परकी माणसं येणार आणि भिंत अशी? लोक काय म्हणतील? ओळखीचा पेंटर बोलावला. त्याने पोपडे खरवडले, वॉटरप्रूफिंग केलं, वर फिकट पिस्ता मारला. झकास.
सरोजिनी संध्याकाळी आली. पिशवी हातातच धरून भिंतीसमोर बराच वेळ उभी होती.
मी म्हटलं, टाकी गळतीच आहे की अजून.

२१ मार्च, सकाळ
निर्धार. चहा नाही. खुर्ची नाही. तुसडा चेहरा. मटण आणलंय ते आपल्यापुरतं, शुक्रवार आहे म्हणून. दोन किलो घेतलं, कारण कमी घेताना बरं दिसत नाही.

२१ मार्च, दुपारनंतर
प्लॅन फार छान चालला होता. पहिलं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशीच गाडी अडकून परत गेलं. दुसऱ्याला सरोजिनीने टाकीखालचं डबकं दाखवलं. मी चेहरा केला. ते गेलं. राजवर्धन व्हरांड्यात उभा होता, त्याने मला हळूच अंगठा वर करून दाखवला.
तिसरे आले इचलकरंजीचे गुरुप्रसाद, बायको भैरवी. त्यांचे यंत्रमाग आहेत. सरोजिनी म्हणाली, घर जुनं आहे, काही खरं नाही. तर हा माणूस खांबावर बोटाने टकटक करून बायकोला म्हणतो कसा, बांधकाम हलकं दिसतंय गं.
हलकं?
या घराच्या स्लॅबवर मी स्वतः पाणी मारलंय. मी म्हटलं, पावणं, बोटानं काय बघताय, हातोडा देऊ काय? मग त्यांना पायापासून समजावून सांगितलं. गच्चीवर नेलं. तिथून जोतिबाचा डोंगर दिसतो, तो दाखवला. टाकीचा विषय निघाला. म्हटलं, टाकी चांगली आहे, नुसता वायसर गेलाय. खिशातला नवा वायसर त्यांच्यासमोर बसवला. गळती बंद. भैरवीबाई म्हणाल्या, पण गाडी कुठं वळवायची? मी किल्ली मागून घेतली आणि त्यांची ती लांबडी गाडी आमच्या फाटकात घालून एका दमात वळवून दाखवली. गल्लीतल्या लोकांनी बघितलं.
तोवर दीड वाजला. जेवायच्या वेळी दारात आलेलं माणूस उपाशी जातं का? कोल्हापुरात तरी नाही. चहा द्यायचा नाही असं ठरलं होतं. जेवणाचं काहीच ठरलेलं नव्हतं.
तांबडा, पांढरा, सुकं, सगळं माझ्या हातचं. गुरुप्रसादांनी पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून प्याला. राजवर्धनही जेवला, पण मान खाली घालून. सरोजिनी वाढत होती.
जाताना भैरवीबाई पिस्ता रंगाच्या भिंतीवरून हात फिरवून गेल्या.

२२ मार्च
सरोजिनी बोलत नाही. तिला माझी स्ट्रॅटेजी कळलेली नाही. ज्या घरात माणूस पोटभर जेवला त्या घरावर तो बोली लावेल का? माणुसकी नावाची गोष्ट आहे. इचलकरंजीतसुद्धा असणार.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली, गल्लीत सगळ्यात उंच. उतरवल्यावर काठी माळ्यावर ठेवायला निघालो. सरोजिनी म्हणाली, वर नका टाकू, दाराशीच असू दे. का ते मी विचारलं नाही.

८ एप्रिल
आज लिलाव. राजवर्धनचा फोन. एकच बोली आली, काका. म्हटलं, कुणाची? तो म्हणाला, तुम्ही ज्यांना सुकं आग्रहानं वाढत होता त्यांची.
थोड्या वेळाने खुद्द गुरुप्रसादांचा फोन. खुशीत होते. म्हणाले, आमी घेणारच नव्हतो बघा. तुमी दावलंसा म्हणून. मंडळी म्हणाली, एवढ्या हौसंनं ठेवलेलं घर परत गावायचं न्हाई.
मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? तोंडातून तेच आलं.
सरोजिनीने केरबाला फोन करून सांगितलं, जमिनीची घाई करू नको, आता राहू दे. मग मागच्या खोलीत जाऊन बसली. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, ओल पार गेली की हो.

१५ एप्रिल
सरोजिनीने उचगावात दोन खोल्या बघितल्या, आपल्या हॉटेलच्याच मागे. घरमालक वर्षभर आपल्याकडे फुकट जेवलेला. मी म्हटलं, ओळख आहे, डिपॉझिटचं बोलायलाच नको. बोललाच नाही. नुसता हात पुढे केला. पूर्ण घेतलं.

२६ एप्रिल
सामान टेंपोत. गुढीची काठी बाहेर येत होती, तिला बयाबाईंनी लाल फडकं बांधून दिलं. आज त्या बोलल्या, पण मांजराशी.
राजवर्धन किल्ल्या घ्यायला आला. चहा नको म्हणाला. तरी बयाबाईंच्या घरून आणला. आमचे कप बांधले होते.
गुरुप्रसाद आणि भैरवीबाईही आले होते. अक्षय्य तृतीयेला त्यांची वास्तुशांत. दोन तारखेला, शुक्रवारी, तिखटाचं, म्हणजे मटणाचं जेवण, इचलकरंजीहून माणसं येणार. भैरवीबाई म्हणाल्या, पांढरा रस्सा तुमच्याच हातचा पाहिजे, काय घ्याल ते सांगा.
मी काय घेणार? आता ओळख झालेली. सरोजिनी टेंपोत पुढे बसली होती, तिने मान दुसरीकडे वळवली.
तर शुक्रवारी सकाळी सहाला, पातेली घेऊन, मागच्या दाराने यायचं ठरलं. गुरुप्रसाद म्हणाले, पत्ता पाठवतो, मग स्वतःच हसले. म्हणाले, तुमाला काय सांगायचं पावणं, घर बघितल्यालंच हाय की.