सव्वा हात

ता. ७ नोव्हेंबर १९२६, रविवार

नाही म्हणाला! सरळ, तोंडावर, आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून, हातात ज्वारीचे माप.

"शास्त्रीबा, हितं भिंत न्हाय घालायची. अव्वाची खिडकी हाय की तितं."

मी म्हटले, मडिवाळप्पा, खिडकी तुझ्या आईची, पण बोळ माझी. जागा माझ्या वडिलांनी तुझ्या आजाकडून रीतसर खरेदी केलेली.

"बोळ कुनाची का आसंना. वारा तर अव्वाचा हाय."

हे उत्तर त्याला सुचले कसे, याचेच दिवसभर नवल करतो आहे. जन्मभर ज्वारी मोजणारा माणूस! मला मात्र आता घरी बसून सात उत्तरे सुचली आहेत, सातही निरुपयोगी.

खोली बांधायचीच. प्रभा दसऱ्याला कुर्डुवाडीहून आली ती ट्रंक घेऊन. जावई रेल्वेच्या कारखान्यात होता, भाद्रपदात नऊ दिवसांच्या तापात गेला. व्याह्यांचे पत्र एका ओळीचे — 'आपली कन्या आपणांकडे रवाना केली आहे.' रवाना केली! रेल्वेच्या माणसांना पार्सल आणि पोर यांत फरक वाटत नसावा. तिचे केस राखले. एवढ्या एकाच गोष्टीत मी सुधारक. त्यावरून अर्ध्या पेठेने बोलणे टाकले, ही त्यातली सोय.

घर दोन खोल्यांचे आणि स्वयंपाकघर. पोर चुलीपाशी निजते, लुगडे बदलायला दोरीवर घोंगडे टाकते. येणारी प्रत्येक बाई तिच्याकडे बघून 'अगं बाई' म्हणते आणि मग चहा पिते. काल सौ.ला म्हणाली, "आई, आतून कडी लागेल असं एक दार हवं होतं मला." दुसरे काही मागितले नाही. वीस वर्षांची आहे.

जागा आहे ती दक्षिणेला, मडिवाळप्पाच्या भिंतीकडेच. येडू गवंड्याने दोरी टाकून पाहिली. "मालक, ही बोळ सोडली तर खोली न्हाय, फडताळ व्हतंय."

ता. ९ नोव्हेंबर, मंगळवार

वडिलांच्या पेटीतून खरेदीखत काढले. मोडी! वडील तिला भुतांची लिपी म्हणत आणि मला तिच्या वाऱ्याला उभे राहू दिले नाही. दहा वर्षे पाठशाळेत घोकंपट्टी केली ती सारी बाळबोधीत. मोडी कारकुनांची. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरे टांगायची. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला, ते वाचणाराने ठरवायचे.

पण पदच्छेदात मला कोण हटवणार? वीतभर लांबीचे समास मी जेवताना सोडवलेत. दोन तासांत लागले. सीमेच्या कलमात स्वच्छ आहे — 'विकणाराचे पागोळीची सव्वा हात जागा सोडू नये.' ओळ तिथेच संपते. पुढे कागदाची घडी आहे, तिने एखादे अक्षर खाल्ले असेल, मग 'प्रमाणे करार' वगैरे.

सोडू नये! म्हणजे पागोळीच्या पाण्यासाठी बोळ ठेवायचीच नाही. पूर्वजांना अक्कल होती. बोळ म्हणजे उंदीर, केर आणि शेजारी.

ता. १४ नोव्हेंबर, रविवार

आमच्या ओट्यावर बैठक झाली. मध्यस्थ वेणीमाधव मास्तर. पेठेत त्यांच्या शब्दाला मान, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी कागद नाकाला लावला, हुंगल्यासारखा केला आणि परत दिला. "गंगाधरपंत, तुम्ही वाचलंत म्हणजे झालं. तुमच्या विद्येपुढे आम्ही काय बघायचं?"

मी वाचले. खड्या आवाजात, 'सोडू नये'वर किंचित थांबून. अशी जागा आली की थांबायचे, ही सवय पुराण सांगतानाची.

मडिवाळप्पा डोके खाजवीत राहिला. "आमच्याकडं बी एक कागद हाय. अव्वाच्या पेटीत. पर आमाला कानडी येतंय, ह्ये मोडीबिडी न्हाय."

"मजकूर एकच असायचा," मी म्हटले. "मी वाचलाय."

"व्हय," म्हणाला. मग, "पर आजा आसं कसं लिवंल? त्याच्याच पत्र्याचं पानी, त्याचीच आडचन करंल व्हय?"

त्याच्या पत्र्यांना पन्हळ लावून देतो म्हणालो. मास्तरांनी मान हलवली. उठताना मडिवाळप्पाने पायरीवरचे माझे जोडे सरळ करून ठेवले. नेहमी ठेवतो. आज नको होते.

ता. १५ नोव्हेंबर, सोमवार

मडिवाळप्पा पहाटेच गाडी जुंपून मंगळवेढ्याला गेला. शेत बघायला, असे सावित्रम्मा — त्याची बायको — सांगते. येडूने पाया खणायला घेतला.

ता. २० नोव्हेंबर, शनिवार

मडिवाळप्पा परतला. भिंत गुडघ्याच्या वर आली आहे. पाहिली. मी ओट्यावरून विचारले, "काय मडिवाळप्पा, पेरणी कशी आहे?"

"बरी हाय."

दोनच शब्द! परवापर्यंत वाऱ्यावर हक्क सांगणारा माणूस. शास्त्रापुढे तोंड मिटले, असे मी मानतो.

ता. २८ नोव्हेंबर, रविवार

पुण्याच्या साप्ताहिकाला पंधरवड्याचे 'सोलापूरचे पत्र' पाठवले. गिरण्यांच्या भोंग्याच्या वेळा, सिद्धेश्वराच्या तळ्याचे पाणी, आणि शेवटी एक परिच्छेद — 'येथील एक धान्याचे व्यापारी हल्ली वाऱ्याचाही व्यापार करू पाहतात. भाव काय, ते कळवावे.' नाव घातले नाही. पेठेत सर्वांना कळेल.

प्रभाने नक्कल करून दिली. त्या परिच्छेदाशी तिची लेखणी थांबली. "बाबा, हे हवंच का?"

हवे होते.

ता. ५ डिसेंबर, रविवार

आज भिंत खिडकीला आली.

काशम्मा, म्हणजे मडिवाळप्पाची अव्वा, पाय गेल्यापासून चार वर्षे त्या खिडकीशीच असते. तिला खिडकी म्हणजे गावच. सौ.शी बोलणे तिथून, भाजीवाल्याशी भांडण तिथून. आली तेव्हापासून प्रभा रोज बोळीत उभी राहून तिच्याशी बोलते. म्हातारी तिला 'मगळे' म्हणते. कानडीत लेक. भाजक्या शेंगा देते. आमच्या सोवळ्यात न बसणारे आणखी काय काय देते ते मी विचारत नाही.

म्हातारीचा एक शब्द आहे. काहीही झाले की म्हणते, "इरलि बिडु." राहू दे, सोड. दूध उतू गेले, इरलि बिडु. नातू नापास, इरलि बिडु. मी सौ.ला नेहमी म्हणतो, हिला वेदान्त दोन शब्दांत आला, आम्हाला दोन तपांत नाही.

येडूने खिडकीसमोर पहिला दगड ठेवला. आतून हात आला. सुरकुतलेला, हिरव्या गोंदणाचा. ओल्या चुन्यावरून फिरला, दगडाची कड चाचपली. येडू थापी धरून तसाच उभा.

"खोली कुनाची रे?" आतून विचारले.

"शास्त्रीबांच्या लेकीची, आज्जे."

"मगळेची." मग, "इरलि बिडु."

हात आत गेला. येडूने आज पुढे काम केले नाही. पोट दुखते म्हणाला. गवंड्यांची पोटे फार हळवी झाली आहेत!

ता. १९ डिसेंबर, रविवार

खोली झाली. सात हात लांब, पाच रुंद. बाज, ट्रंक, कोनाडा, आणि दाराला आतून पितळी कडी.

प्रभा आत गेली आणि तिने कडी लावली. तासभर आवाज नाही. सौ. घाबरी होऊन दाराला कान लावून उभी. मी तिला ओढून आणले. म्हटले, राहू दे, हेच बांधले आहे.

बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. पाया पडली. आयुष्यात मी बरे लिहिले थोडे, छापले पुष्कळ. पण आजच्यासारखे काही घडवले नव्हते. मडिवाळप्पाबद्दल जे वाटते ते आजच्या दिवसात मिसळायचे नाही.

ता. १४ जानेवारी १९२७, शुक्रवार

संक्रांत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेने गाव भरले आहे, काठ्यांची मिरवणूक पाहून आलो. पाय धुळीने पांढरे.

बोळ नाही, म्हणून प्रभा रस्त्याने वळसा घालून म्हाताऱ्या काशम्माला तिळगूळ द्यायला गेली. गेली ती दीड तास. आली तेव्हा डोळे लाल. विचारले तर म्हणाली, "त्या खोलीत दिवसा दिवा लावतात."

मी म्हटले, तिळगूळ घे, गोड बोल. हसली नाही.

ता. १५ जानेवारी, शनिवार

प्रभाने अंथरूण पुन्हा स्वयंपाकघरात नेले. खोलीत गार लागते म्हणते.

ता. १३ फेब्रुवारी, रविवार

थंडी सरली. अंथरूण चुलीपाशीच आहे. खोलीत ट्रंक राहते. एवढे करून ट्रंकेला घर बांधले! बोललो तिला. गरजेपेक्षा लागट बोललो. ऐकून घेतले आणि तांदूळ निवडत राहिली.

ता. २० मार्च, रविवार

वेणीमाधव मास्तर मिरजेहून मोतीबिंदू काढून आले. नव्या चष्म्याने आता जे दिसेल ते वाचत सुटले आहेत. औषधाच्या बाटल्या, तिकिटे, दुकानांच्या पाट्या. म्हणाले, "पंत, तो तुमचा कागद द्या पाहू. लहानपणी आम्ही पहिल्यांदा मोडीच गिरवली."

द्यायला म्हणून काढला. घडी जरा सरळ करून उन्हात धरली.

घडीत अक्षर आहे. पुसट, पण आहे. 'णे'. म्हणजे ओळीच्या शेवटी 'सोडूनये', पुढच्या ओळीला 'णे', मग 'प्रमाणे'. सोडू नये, प्रमाणे — असे नव्हे. 'सोडून, येणेप्रमाणे करार.' सव्वा हात जागा सोडून!

कारकुनाचे पोर चुकले नसते. 'येणेप्रमाणे' हा शब्द त्यांच्या प्रत्येक कागदात असतो. मला सवय क्रिया, विधी आणि निषेध शोधायची. निषेध सापडला आणि मी आनंदलो.

मास्तरांना सांगितले, कागद कुठे पडला ते सापडत नाही. कागद त्या वेळी माझ्या बंडीच्या खिशात होता. ते म्हणाले, "असू द्या, तुम्ही वाचलाच होता की."

ता. २१ मार्च, सोमवार

एका अक्षरासाठी उभी भिंत पाडायची? पोरीची खोली मोडायची? पेठेपुढे जाऊन सांगायचे, की शास्त्र्याला 'येणेप्रमाणे' वाचता आले नाही? आणि छापून आले आहे ते?

मडिवाळप्पाला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. प्रभासाठी गप्प बसतो आहे. हे वाक्य तीनदा लिहून पाहिले, तिन्ही वेळा माझेच अक्षर वाईट आले.

ता. ३ एप्रिल, रविवार

ऊन फार. पलीकडून म्हातारीचा खोकला भिंतीतून ऐकू येतो. प्रभा रोज दुपारी पंखा घेऊन तिकडे जाते.

ता. १७ एप्रिल, रविवार

काशम्मा गेली. त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून, भस्म लावून, फुलांनी सजवून नेली. नेतानाच तिला वर्षात पहिल्यांदा पुरती पाहिली. किती लहान झाली होती.

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. मडिवाळप्पाने हात जोडले. "शास्त्रीबा, आलासा. बरं झालं." आवाजात दुसरे काही सापडते का ते मी पाहत होतो. सापडले नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

उन्हाळ्याने गेली, वयही होते. सौ. तसे म्हणते. मीही लोकांना तसे म्हणालो.

ता. १ मे, रविवार

सकाळी प्रभाने एक कागद पुढे ठेवला. म्हातारीची पेटी आवरताना निघाला, सावित्रम्माने दिला. खरेदीखताची त्यांच्याकडची प्रत. तिला टाचलेली मंगळवेढ्याच्या कुलकर्ण्यांच्या हातची बाळबोध नक्कल, शब्द सुटे सुटे — 'जागा सोडून येणेप्रमाणे'. खाली तारीख, १७ नोव्हेंबर. भिंत तेव्हा गुडघ्यालाही लागली नव्हती.

मडिवाळप्पा तो घेऊन मास्तरांकडे निघाला होता, प्रभा सांगत होती. म्हातारीने मागून घेतला आणि पेटीत टाकला. म्हणाली, मगळेची खोली हाय. इरलि बिडु.

मी विचारले, "तुला हे केव्हा कळलं?"

प्रभा चुलीपाशी अंथरुणाची घडी घालीत होती.

"संक्रांतीला."