गाळ नसलेला एक ग्लास

९ सप्टेंबर, मंगळवार
शी! डबक्यातून उपसून आणलंय की काय! मकारिओने घरी केलेल्या बिअरचं नवं पिंप उघडलं, नळाला ग्लास लावला — वर फेस, खाली शेवाळ. आणि वर मलाच शिकवतो, "आई, ही हॉपची फुलं आहेत, बिअरला कडवटपणा देणारी, घाण नाही." मला सांगतोय! या खोऱ्यात हॉपच्या त्या वेलींखाली, फुलं तोडत, उभं आयुष्य खाजवत काढलं मी. कोपरापर्यंत चट्टे उठायचे. तेच आता घशात घालायचं!
फिदेन्सिओने एकच घोट घेतला. कण घशात अडकला. खोकून खोकून निळा पडला नवरा माझा.

१० सप्टेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजोबांच्या घशातली वाट सुतळीएवढी उरलीय. आता काय, हवं ते द्या. फक्त कण नको." 'आता काय' म्हणाली. पुढचं मी विचारलं नाही.
त्याला हवंय काय, तर जन्मभर तारांवर चढवलेल्या वेलींच्या फुलांची, लेकाच्या हातची एक ग्लास बिअर. दवाखान्यातलं ते खडूच्या पाण्यासारखं दूध नको. ते मीही चाखलं. थू!
हे सगळं फोनला सांगते, तो लिहून घेतो. काय लिहितो देव जाणे. मला कुठे वाचता येतंय!

१२ सप्टेंबर, शुक्रवार
काल मीच गाळली. तांदळाचं सरबत गाळायचं फडकं भांड्याच्या तोंडावर बांधलं, उंचावरून ओतली, दोनदा. फडक्यात उरलं ते बकरीच्या रवंथासारखं. बिअर मात्र स्वच्छ! झाकून ठेवली.
आज सकाळी फिदेन्सिओने जीभ लावली. "ओला पुठ्ठा चाटवतेस का गं म्हातारे?"
मकारिओने कपाळाला हात लावला. "आई, हवा लागली की मेली ती!"
म्हटलं, माझं सरबत नाही मरत.

१४ सप्टेंबर, रविवार
चर्चला जायचं, तर माझे लांब नायलॉनचे मोजे गायब. सापडले — दुसऱ्या पिंपात! मकारिओने उकळून घेतले म्हणे. चुरा सुटू नये म्हणून फुलं मोज्यात भरली, बुडावीत म्हणून आत काचेच्या गोट्या, वर गाठ. माझ्या पायातली वस्तू बिअरमध्ये! दिवसभर जेवण गेलं नाही.
फिदेन्सिओ मात्र किती दिवसांनी हसला. "आता तर पिणारच. बायकोच्या मोज्यातली!"
निर्लज्ज!

१८ सप्टेंबर, गुरुवार
मोज्यातूनही चुरा येतोच. मकारिओने पिंप फ्रिजमध्ये ठेवलं, थंडीने गाळ तळाला बसला. छान बसला. आणि आमच्या सूनबाईंनी, नोएमीने, मटणाचं पातेलं ठेवायला पिंप ओढलं! पुन्हा सगळं हिरवं.
"मला काय माहीत आई, पिंपाची झोपमोड होते ते!"
फिदेन्सिओला आज सूपही अर्धंच गेलं.

२० सप्टेंबर, शनिवार
मकारिओने पिंपातली नळी बदलली. जुनी तळातून ओढायची, म्हणजे पहिला मान गाळाला! ही मऊ आहे, टोकाला तरंगणारा गोळा. वरवरचं तेवढं ओढते. पिंप परत फ्रिजमध्ये. हात लावेल त्याचा हात मोडीन, असं घरात जाहीर केलंय. नोएमी पातेलं घेऊन शेजारी गेली.

२३ सप्टेंबर, मंगळवार
ग्लासातून पलीकडची खिडकी दिसली!
फिदेन्सिओ घोट घोट करत पाऊण ग्लास प्यायला. एकदाही खोकला नाही. मिशीला फेस. "कडू आहे," म्हणाला, "अगदी हवी तशी." मकारिओ हात पुसत बाहेर गेला, बराच वेळ आला नाही.
फिदेन्सिओ मला म्हणाला, एक घोट घे. मी नाही घेतला. काय तो वास — कापणीच्या दिवसांतल्या घामट सदऱ्याचा! शी.

२७ सप्टेंबर, शनिवार
आज त्याला पाणीही उतरत नाही.
मकारिओने विचारलं, "आई, पिंपाचं काय करू?"
म्हटलं, गार ठेव. त्याला पोचवायला माणसं येतील.