बेडकीचे दोन मोडके स्टड

३१ मार्च १९७३, शनिवार

मोडला! दुसराही मोडला!

काल एक, आज एक. आमच्या मिशनच्या मिससाहेबांची गाडी — हिरवी, दोनच माणसांची, छप्पर मागे पडणारी. अख्खी राहुरी तिला बेडकी म्हणते. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारी बिडाची नळी सहा स्टडांवर, म्हणजे इंजिनात रोवलेल्या आट्यांच्या खुंट्यांवर, नटांनी आवळलेली असते. नळीमागचं पॅकिंग जळून गाडी फटाक्यांसारखी वाजायची, म्हणून नळी काढायला घेतली. चार नट सुटले. दोन स्टड मोडले. एकाचा अर्धा इंच खुंट बाहेर आहे. दुसरा इंजिनाच्या अंगाशी सपाट! धरायला काही नाही.

दुसरा मोडला त्यात गंजाचा दोष नाही. माझा आहे. सूर्य कलला होता, उद्या रविवार, उद्या हत्याराला शिवायचं नाही — म्हणून आजच उरकायची घाई. पान्याला पाइप लावला आणि त्यावर सगळं वजन टाकलं. प्रभूचा दिवस पाळायचा म्हणून शनिवारी गाढवपणा! आणि मी सातवीला शास्त्र शिकवते. तरफेचा धडा परवाच झाला.

योसेफ शेजारी उभा होता. कंपाउंडचा राखणदार, पंधरा वर्षं मिससाहेबांबरोबर खेड्यापाड्यांत फिरला, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. म्हणाला, "बाई, लोखंडाला बी दम खाऊ द्यावा लागतो."

मग आधी का नाही बोललास, म्हणून त्याच्यावर ओरडले. उगाच.

१ एप्रिल, रविवार

हात लावला नाही. उपासनेत उपदेश कशावर झाला ते मात्र सांगता यायचं नाही.

२ एप्रिल

ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी बोलावलं. कृपादान गुरुजी मुख्य पंच. माझेच जुने गुरुजी, त्यामुळे त्यांच्यासमोर मी अजून नऊ वर्षांची होते.

"मरिया, मिलोची पोती उघड्यावर पडली आहेत. गाडीची शेड मंडळीला लागणार. गाडी चालती कर आणि बाहेर ने. आणि ती तुझी असल्याचा कागद आण."

"आणि नाही झाली तर?"

"ईस्टरनंतर भंगारवाला येईल. मग रडत यायचं नाही."

त्यांचं बरोबर आहे, याचाच संताप! लोक सकाळपासून दुष्काळी कामावर खडी फोडतात, संध्याकाळी मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, घेऊन जातात, आणि मी धान्याची जागा अडवून एका खेळण्याचा नट आवळते आहे.

कागद कुठून आणू? चार वर्षांपूर्वी मिससाहेब कायमच्या विलायतेला गेल्या, तेव्हा स्टेशनवर गर्दीत त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. दोघीही रडत होतो. गाडी दिली असं तोंडाने म्हणाल्या का? आठवत नाही. मी तसं धरून चालले. आजच विमानाच्या टपालाने त्यांना पत्र टाकलं — दोन ओळी लिहून पाठवा म्हणून.

५ एप्रिल

तीन दिवस घासलेट सोडते आहे. स्टड पितो आणि ढिम्म राहतो.

गावातला मिस्त्री आला. माझ्या डोक्यावरून योसेफकडे बघून विचारतो, "सायब कुठं हायती?"

योसेफने माझ्याकडे बोट केलं. "ह्या काय!"

मिस्त्री हसला. पूर्ण इंजिन उतरवून नगरला न्यायला सांगून, चहा पिऊन गेला. चहासुद्धा दोनदा!

७ एप्रिल, शनिवार

बाहेर आलेल्या खुंटावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळले. पुस्तकात असं केलं की स्टड फिरतो. नट फिरले. स्टड नाही. बोटाचं साल गेलं.

मला ही गाडी इतकी का हवी आहे? खरं लिहायचं तर लिहावं. या कंपाउंडात मी खोली मागून घेतली, रजा मागून घेते, भिंतीला खिळा मारायलाही पंचांना विचारते. मिससाहेबांनी मला कालव्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली, तेव्हा चाकामागे बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, आता कुणाला विचारायचं नाही. एवढंच. यात दुष्काळाला उत्तर नाही.

९ एप्रिल

मच्छिंद्र आला. साखर कारखान्यात फिटर, मुलगी माझ्या वर्गात. वाकून पाहिलं, बोट फिरवलं, च् च् केलं.

"घासलेटानं न्हाई व्हायाचं, बाई. आग पायजे आन् मेन."

"कसलं मेण?"

"मेनबत्तीचं! बीड तापवायचं, मेन टेकवायचं. मेन पघळतंय, आट्यात उतरतंय. रइवारी येतो."

रविवारी नको म्हटलं. दुसरा कुठलाही वार.

"दुसऱ्या वारी कारखाना सोडतोय व्हय मला? आन् रइवारला काय झालं?"

सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "आमी बी आमुशाला औत धरत न्हाई. पर बैल गाळात रुतला तर आमुशाला बी काढतोच की!"

या माणसाला शुभवर्तमान कुणी वाचून दाखवलं? विसाव्याच्या दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट येशूचीच आहे.

पण गाडी म्हणजे बैल नव्हे. गाळात नाही, सावलीत उभी आहे. तिला कसली कळ! कळ मला.

१४ एप्रिल, शनिवार

एक पळवाट सुचली: उद्या मी देवळात जाईन, मच्छिंद्र त्याचं काम करील. त्याला कुठे आज्ञा लागू?

लाज वाटली. चाकराला आणि वेशीतल्या परक्यालाही त्या दिवशी विसावा द्यावा, असंच तर आज्ञेत आहे. मी बाकावर हात जोडून बसायचं आणि पाप त्याने करायचं! करायचंच असेल तर स्वतःच्या हाताने करीन.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

केलं.

देवळाची घंटा वाजत होती आणि मी ब्लोलॅम्पला पंप मारत होते. मच्छिंद्र मांडी घालून बसला. योसेफने नाताळातली उरलेली मेणबत्ती आणली. त्यालाही म्हटलं, तू जा उपासनेला. म्हणाला, "मी दुपारी करंन प्रार्थना. देव कुटं जातोय?"

बीड तापवलं, मेण टेकवलं. चुर्र! धूर, वास, पुन्हा ज्योत, पुन्हा मेण. चौथ्या वेळी खुंट कुईं करून जरासा हलला. मी जोर केला तर मच्छिंद्र खेकसला — "वडू नका! पुढं थोडं, मागं थोडं. म्हशीला गोठ्यात घेतो तसं."

पहिला निघाला.

सपाट मोडलेल्याला दोन तास लागले. बरोबर मध्यावर हाताच्या ड्रिलने भोक पाडलं — मी फिरवत होते, तो नेम धरत होता. जुन्या कानशीची चौकोनी शेपटी त्यात ठोकून बसवली. आग. मेण. पाना. एवढ्यात झावळ्या घेतलेली मिरवणूक शेडवरून गेली. कृपादान गुरुजी थांबले. माझं तोंड काजळीने काळं, पदर खोचलेला.

"मरिया, आज?"

"हो गुरुजी. आज."

त्यांनी झावळी या हातातून त्या हातात घेतली. मिरवणुकीमागून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर पाचच मिनिटांत तो सुटला! मच्छिंद्रने तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या, अक्कलदाढ!"

१६ एप्रिल

पश्चात्ताप होत नाही. होत नाही याचाच त्रास होतो आहे.

१९ एप्रिल

मच्छिंद्रने नवे स्टड आणले. कारखान्याच्या लेथवर काढलेले. मी म्हटलं, कुणाला विचारून काढलेस? भंगारातलं लोखंड तरी विचारून घेतलंस का?

"फोरमनला ईचारलं. बाई, तुमी लई ईचारता!"

शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मिळाली. सगळं जोडलं. योसेफने हँडल मारलं. एकदा, दोनदा — आणि चालू! फटाके नाहीत. नुसता घर्र आवाज, तृप्त मांजरासारखा. कालव्यापर्यंत गेलो आणि आलो. योसेफ डावीकडच्या त्याच्या जुन्या जागेवर, टोपी हातात. कालवा कोरडा, दोन्हीकडची शेतं करडी, आणि हा म्हातारा हसतोय! "बोलली! आपली बेडकी बोलली!"

मीही हसले. मोठ्याने. आज मला कशाचीच लाज वाटली नाही.

२२ एप्रिल, ईस्टर

पोती शेडमध्ये लागली. गाडी लिंबाखाली उभी आहे. उपासनेनंतर पंच तिच्याभोवती जमले. गुरुजींनी बॉनेटवर हात ठेवला, गरम लागलं म्हणून झटकन काढला. "बरं. चालते तर खरी. कागद आला की झालं." त्या रविवारबद्दल अक्षर काढलं नाही.

२५ एप्रिल

पत्र आलं. त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत — गाडी मी निघण्याच्या आदल्या दिवशी योसेफला दिली. त्याच्या खोलीला कुलूप नाही म्हणून किल्ल्या तुझ्यापाशी दिल्या. त्याने तुला सांगितलेच असेल.

नाही सांगितलं. मीही कधी विचारलं नाही.

पत्र अजून कुणी पाहिलेलं नाही. योसेफ खिडकीतून दिसतो आहे — लिंबाखाली ओल्या फडक्याने गाडी पुसतोय.

किल्ल्या आणि पत्र घेऊन जाते.